रात्री घरातली वीज बिघडली तर: कधी लगेच बोलवायचं, कधी थांबायचं आणि मधल्या वेळात काय करायचं

प्रश्न असा आहे: रात्री एकच्या सुमारास अर्ध्या घरातली लाइट गेली. एक एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वर केला की लगेच खाली पडतो आणि हॉलमधल्या एका बोर्डाजवळ जळका वास येतो. चोवीस तास सेवा देणारे रात्रीचे जास्त पैसे घेतात. तेव्हा लगेच बोलवावं की सकाळपर्यंत थांबावं? आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत घरच्यांनी काय करावं?

लगेच बोलवा. आणि फोन करायच्या आधी मेन स्विच बंद करा. हे मी एमसीबीमुळे नाही, वासामुळे सांगतोय. नुसता एमसीबी वर राहत नसता, तर म्हटलं असतं की तो खालीच असू द्या, झोपा आणि सकाळी बोलवा. एमसीबी पडला की बिघडलेला भाग पुरवठ्यापासून सुटतो. वासाचं तसं नाही. वास येतो म्हणजे काहीतरी तापतंय, आणि जिथे तापतंय तिथे वीज अजून चालू असू शकते. पडलेला एमसीबी त्याच बोर्डाचा आहे, असं अंधारात गृहीत धरू नका. मेन बंद केल्यावरही वास वाढत असेल किंवा भिंतीतून धूर दिसत असेल, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा. इलेक्ट्रिशियनचा नंबर त्यानंतर.

वासाला एवढं महत्त्व का देतो, ते जरा नीट सांगतो. कुठे आग लागली की सरसकट ‘शॉर्ट सर्किट झालं’ म्हणतात. पण इलेक्ट्रिशियन म्हणून रात्रीच्या कामांत मला वारंवार भेटतो तो ढिला स्क्रू. सॉकेटमध्ये, स्विचमध्ये किंवा डीबीतल्या (सगळे एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डातल्या) न्यूट्रलच्या पट्टीवर वायर घट्ट बसलेली नसली की त्या जागी रोध, म्हणजे करंटला अडथळा, तयार होतो. समजा तो अर्धा ओहम आहे आणि तिथून १० अँपिअर करंट जातोय. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ५० वॅट. एरवी ५० वॅट म्हणजे काहीच नाही. इथे मात्र ते स्क्रूच्या टोकाएवढ्या जागेत, भिंतीतल्या बंद डब्यात, प्लॅस्टिकला खेटून तयार होत असतात. नेहमीच्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन ७० अंश सेल्सिअससाठी बनवलेलं असतं. त्यापुढे ते आधी मऊ पडतं, मग कडक होतं, मग त्याचा कोळसा होतो, आणि कोळशातून वीज वाहते. इकडे तापलेल्या तांब्यावर काळा थर चढतो, थरामुळे रोध वाढतो, रोधामुळे जोड आणखी तापतो. गीझर, हीटर, एसी अशी जड उपकरणं जिथे रोज चालू-बंद होतात, तिथे हे लवकर होतं.

‘मग एमसीबी पडायला नको का?’ हे मला प्रत्येक घरात विचारतात. नको, कारण एमसीबीला फक्त किती करंट गेला एवढंच कळतं. घरगुती एमसीबीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०८९८, असं सांगतं की नेमलेल्या करंटच्या १.१३ पट करंट तासभर गेला तरी तो पडता कामा नये आणि १.४५ पट गेला तर तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरला तासभर टिकणार आणि २३च्या पुढे गेल्यावर पडणार. ढिल्या जोडातून जाणारा १० अँपिअर त्याच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. आरसीसीबीलाही (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचलाही) काही कळत नाही, कारण फेजने गेलेला करंट पुरेपूर न्यूट्रलने परत येतोय, गळती कुठेच नाही. ठिणग्या ओळखून पुरवठा तोडणारी आर्क फॉल्टची उपकरणं मिळतात, पण जुन्या घरांत ती सहसा बसवलेली नसतात. तेव्हा या बिघाडाची खबर तुमच्या नाकाला आणि कानालाच लागते. जळका वास, भिंतीतून चरचर, गरम लागणारी प्लेट, उगाच लुकलुकणारा दिवा. यातलं काहीही असलं तर मी रात्री तीनलाही निघतो, आणि या कारणासाठी फोन केल्याबद्दल कुणी ओशाळू नये असं मला मनापासून वाटतं.

असा सॉकेट उघडला की बहुधा एकच भोक पिवळसर-तपकिरी झालेलं असतं, बाकीची पांढरी. मागून वायर ओढून पाहिली तर स्क्रूजवळचं दोन बोटं इन्सुलेशन बिस्किटासारखं तुटतं. आतलं तांबं चकचकीत नारिंगी असायला हवं, ते काळपट-जांभळं झालेलं असतं. आणि स्क्रूड्रायव्हर लावला की स्क्रू जोर न लावता अर्धा फेरा फिरतो. त्या अर्ध्या फेऱ्यामुळे सगळं झालेलं असतं.

आता रात्री कशासाठी बोलवावं आणि कशासाठी नको. वास, धूर, चरचर, गरम बोर्ड हे झालं. नळाला, गीझरला, वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तेही लगेच. छतातून गळणारं पाणी दिव्यात किंवा बोर्डात शिरलं तर तेही. दिवे अचानक झगझगीत झाले तर ताबडतोब. घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारख्या यंत्रावर असेल, तर एरवी साधी वाटणारी लाइट जाणंही तातडीचंच. याउलट एका खोलीतले सॉकेट बंद आहेत, एक दिवा लागत नाही, एमसीबी खाली आहे आणि घर शांत आहे, कुठे वास नाही, तर सकाळपर्यंत थांबा. सगळीच लाइट गेली असेल तर आधी खिडकीतून शेजारी बघा. त्यांच्याकडेही अंधार असेल तर फोन वीज कंपनीला करायचा, इलेक्ट्रिशियनला नाही.

दिवे झगझगीत होणं ही गोष्ट लोकांना फार कमी माहीत असते. एकदा एका ताईंचा फोन आला. ‘दादा, फ्रिज सुरू झाला की हॉलमधले दिवे एकदम भडकतात आणि स्वयंपाकघरातला मंद होतो. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, उद्या आलात तरी चालेल.’ मी म्हटलं, ‘फोन चालू ठेवा आणि आधी मेन खाली करा.’ त्यांच्याकडे तीन फेजचं कनेक्शन होतं आणि मीटरच्या आधीच्या जोडात न्यूट्रल सुटला होता. न्यूट्रल शाबूत असतो तेव्हा प्रत्येक फेजवरच्या उपकरणांना २३० व्होल्टच मिळतात. तो तुटला की दोन फेजवरची उपकरणं एकमेकांशी जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यामध्ये ४०० व्होल्टची वाटणी कशी होईल याला धरबंद राहत नाही. ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज चढतं. जिथे जास्त, तिथे उतरतं. दिवा भडकतो, पंखा सुसाट सुटतो आणि काही मिनिटांत टीव्ही, राउटर, फ्रिजचं कार्ड जातं. जिथे १२०-२४० व्होल्टचा पुरवठा असतो तिथेही असंच होतं, फक्त आकडे वेगळे. हा दोष बऱ्याचदा मीटरच्या पलीकडे असतो. तिथे वीज कंपनीची सील असतात आणि ती तोडायचा अधिकार आम्हाला नसतो. मेन खाली करून त्यांच्या तक्रार क्रमांकावर ‘न्यूट्रल तुटल्याचा संशय आहे’ याच शब्दांत सांगा. नुसतं ‘व्होल्टेज कमी-जास्त होतंय’ म्हणून नोंदवलं, तर तक्रार मागे पडायची शक्यता असते.

न्यूट्रल घरातच तुटला तर वेगळंच दिसतं: त्या सर्किटवर काहीच चालत नाही, पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. प्लगला लावलेल्या उपकरणातून फेज फिरून न्यूट्रलच्या तारेवर आलेला असतो. ‘काही चालत नाही म्हणजे लाइट नाही’ असं समजून तिथे हात घालणं जिवावर बेतू शकतं. खिशातल्या दिव्याच्या टेस्टरवर मी म्हणूनच कधी भरवसा ठेवत नाही. वीज नसताना तो पेटू शकतो आणि वीज असताना विझलेला राहू शकतो.

झिणझिण्यांबद्दल. ‘थोडाच शॉक बसतो, नेहमीचंच आहे’ असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते. साधारण १ मिलिअँपिअरला करंट जाणवतो, १०च्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि त्याच्या काही पट करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. आज झिणझिण्या आल्या त्या कोरड्या हातामुळे आणि पायातल्या चपलेमुळे. ओल्या अंगाने तीच गळती जीव घेऊ शकते. नळाला करंट येतो याचा अर्थ कुठेतरी फेजची गळती आहे, अर्थिंग तुटलेलं किंवा अपुरं आहे, आणि पुरवठा तोडायला आरसीसीबी एकतर नाही किंवा चालत नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने तेवढी गळती होताच जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पुरवठा तोडायचा असतो. उत्तर अमेरिकेत वापरलं जाणारं तसंच उपकरण ५ मिलिअँपिअरच्या आसपास तुटतं. ते चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये शोधलं. माणसाला तार सोडता येणार नाही असा करंट नेमका किती, यावर त्यांनी आधी बरीच वर्षं प्रयोग केले होते.

तुमचा आरसीसीबीच पडत असेल आणि कुठे वास किंवा पाणी नसेल, तर घरच्या घरी एवढं करता येतं: सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याला चढवल्यावर आरसीसीबी पडतो, ते सर्किट खाली ठेवा, बाकी घर चालू द्या. सगळे एमसीबी खाली असतानाही तो पडत असेल, तर न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी भिडलेत असा संशय धरा. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून असं होतं. अशा वेळी सगळे प्लग काढून एकदा बघा. तरीही पडला तर पुढचं काम वायरिंगमधलं आहे, ते आमच्यावर सोडा. आरसीसीबी बायपास करून रात्र काढायचा विचारसुद्धा करू नका.

एमसीबीही असाच. वास नसेल तरच, त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा आणि एकदाच वर करा. चढताक्षणी पडला तर शॉर्ट आहे. आतलं चुंबकीय कॉइल ते काम करतं, घरात बऱ्याचदा असणाऱ्या सी प्रकारच्या एमसीबीत करंट नेमलेल्याच्या ५ ते १० पट गेला की. दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर बहुधा भार जास्त आहे, तापून वाकणाऱ्या पट्टीने तो पाडला. हा फरक फोनवर सांगितलात तर येणारा माणूस योग्य सामान घेऊन निघेल. शॉर्ट असताना पुन्हा पुन्हा चढवत राहिलं तर दर वेळी त्याच जागी मोठा करंट जातो, आणि एमसीबीचे आतले संपर्कही खराब होतात.

मेन खाली केला म्हणजे घरातली सगळी वीज गेली, असं नसतं. इन्व्हर्टर असेल तर त्याचं सर्किट चालू राहतं, तोही बंद करा. छतावर सोलर पॅनेल असतील तर दिवसा पॅनेलपासून सोलर इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत डीसी असतोच, मेन काहीही असो. जनरेटर सॉकेटला जोडून घर चालवायचा प्रकार तर कुणीही करू नये. तो करंट मीटरमधून उलटा बाहेर जातो, ट्रान्सफॉर्मरवर चढून हजारो व्होल्टचा होतो आणि तिथे लाइन बंद समजून काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जातो. जनरेटरला चेंजओव्हर स्विच (एका वेळी जनरेटर किंवा बाहेरची लाइन यांतलं एकच जोडणारा) हवाच, आणि तो चालवायचा घराबाहेर, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी साचलेल्या खोलीत बोर्ड असेल आणि मेनपर्यंत जायला पाण्यातून जावं लागत असेल, तर जाऊ नका. वीज कंपनीला बाहेरून पुरवठा तोडायला सांगा. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी आणि सॉकेट वाळवून परत वापरायचे नसतात, बदलायचेच. बाहेर तार तुटून पडली असेल तर निदान १० मीटर लांब राहा, इतरांनाही रोखा, काठीनेही ती हलवू नका.

कुणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. आधी पुरवठा तोडा. मेनपर्यंत पोचता येत नसेल, तरच कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला. हे फक्त घरातल्या विजेसाठी, बाहेरच्या लाइनसाठी कधीच नाही. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका बोलवा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. छातीवर दाब देण्याची ही पद्धत १९६० मध्ये जगापुढे आली. ती मांडणाऱ्यांपैकी विल्यम कॉवेनहोवेन हे विद्युत अभियंता होते आणि त्यांच्या संशोधनाची सुरुवात शॉकने मरणाऱ्या लाइनमनच्या प्रश्नातून झाली होती. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ही पद्धत यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

बोर्डाला आग दिसली तर पाणी ओतू नका. मेन बंद करा, कार्बन डायऑक्साइड किंवा कोरड्या पावडरचा आग विझवायचा सिलिंडर असेल आणि आग लहान असेल तरच वापरा. नाहीतर दार ओढून घेऊन बाहेर पडा.

आता माणूस कसा ओळखायचा. चांगला इलेक्ट्रिशियन निघायच्या आधीच फोनवर प्रश्न विचारतो: वास आहे का, मेन बंद केलात का, काय चालू असताना झालं, कुठे पाणी आहे का, इन्व्हर्टर आहे का. पत्ता घेऊन फोन ठेवणाऱ्यापेक्षा हा माणूस बरा. रात्रीची भेट, पहिला तास आणि सामान यांचे पैसे वेगवेगळे किती, ते तिथेच विचारून घ्या. सरळ माणूस सरळ सांगतो. लायसन्स आहे का, हेही विचारा.

आल्यावर तो हात घालण्याआधी तपासतो. आपला तपासणीचा मीटर आधी चालू विजेवर लावून पाहतो, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू विजेवर. मीटरच बिघडलेला नाही ना, याची ती खात्री असते. संशयित सर्किट सुटं करून त्यावर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावतो. निदान १ मेगाओहम दाखवत नसेल तर ते सर्किट चालू करत नाही, तुम्ही कितीही आग्रह केलात तरी. मग बिघडलेला भाग तोडून, टोकं बंद करून, त्यावर चिठ्ठी लावून बाकीचं घर चालू करून देतो. रात्रीचं काम एवढंच: घर सुरक्षित करायचं. भिंतीतली वायर बदलणं, डीबी बदलणं ही दिवसाची, उजेडाची आणि नीट डोक्याची कामं आहेत. मध्यरात्री ‘सगळी डीबीच बदलावी लागेल, आत्ता ठरवा’ म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा की आज फक्त सुरक्षित करून द्या, पुढचं उद्या बघू.

एक गोष्ट मात्र तुमच्या डोळ्यांदेखत झाली तर काम तिथेच थांबवा. १६चा एमसीबी पडतो म्हणून त्याच्या जागी ३२चा बसवणं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला ३२ अँपिअर झेपत नाहीत. एमसीबी पडायचा थांबेल, कारण आता भिंतीतली वायर त्याच्या आधी जळेल. जाड तार घातलेला फ्यूजही याच जातीचा. आरसीसीबी ‘उगाच पडतो’ म्हणून काढून टाकणारा आणि पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड भिंतीत लपवणारा, यांनाही पुन्हा बोलवू नका.

दिवसाच्या भेटीत नुसता जळका सॉकेट बदलून घेऊ नका. कडक झालेली वायर चांगलं, चमकदार तांबं दिसेपर्यंत मागे कापायला लावा. लांबी पुरत नसेल तर तो तुकडा पूर्ण ओढून नवा घालायला सांगा. त्याच सर्किटचं डीबीतलं टोक आणि न्यूट्रल पट्टीवरचे सगळे स्क्रू तपासून घ्या, कारण एका टोकाला जोड तापला की दुसऱ्या टोकाकडेही बघायला हवं. जळालेला भाग मागून घ्या आणि बघा. जाण्याआधी त्याच्याकडून प्रत्येक एमसीबीवर कोणती खोली, कोणतं उपकरण ते लिहून घ्या, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबायला लावा. बटण दाबूनही तो पडला नाही, तर तो त्याच दिवशी बदलायचा.